डिलीटेड सीन बघून टीव्हीवरच्या जोडीचं प्रेम कसं वाचायचं: वही, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

यूट्यूबवर कुणीतरी दोन मिनिटांची क्लिप टाकतं, खाली लिहिलेलं असतं 'न दाखवलेला सीन', आणि त्याच संध्याकाळपासून ग्रुपमध्ये ठासून सांगणं सुरू होतं की बघा, त्याला ती पहिल्यापासूनच आवडत होती. मग कुणीतरी त्यावर लांबलचक पोस्ट लिहितं आणि ज्यांची सिरीज अजून अर्धीच बघून झालीये त्यांच्या डोक्यात ती जोडी कायमची चुकीची बसते. आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपमध्ये राजेंद्रनगरच्या काकू पण आहेत आणि कॉलेजची पोरं पण, आणि हा घोळ पुन्हा पुन्हा होतो, दर वेळी कारण एकच, बघण्याचा क्रम चुकलेला असतो. म्हणून पूर्ण पद्धत लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. काढलेला सीन जोडीच्या प्रेमात सगळ्यात जास्त काय बदलतो, तर कुणाला काय माहितीये ते. तिला तो आवडतो हे त्याला कळलंय का, त्याला कळलंय हे तिला कळलंय का, आणि आपल्याला या दोघांच्या आधी कळलं की नंतर. किस, मिठी, भांडण हे डोळ्यांना दिसतं, पण ते घडतं कारण कुणाला तरी काहीतरी नुकतंच कळलेलं असतं किंवा अजून कळलेलंच नसतं. सीन काढला की ही साखळी एका जागी बदलते. ती जागा शोधणं हेच काम.

१. तयारी: कुठला कट, म्हणजे एपिसोडचं कुठलं व्हर्जन, बघताय ते आधी ठरवा

पूर्ण सिरीज घेऊन बसू नका. एक जोडी घ्या आणि तिचा एक ट्रॅक घ्या, उदाहरणार्थ पहिल्या किसपासून सगळ्यांना कळेपर्यंत. त्याच्याबाहेरची क्लिप कितीही गोड असली तरी नंतरसाठी ठेवा.

मग बघा की तुमच्याकडे जो एपिसोड आहे तो टीव्हीवर दाखवलेलाच आहे का. इथे लोक फार फसतात. 'फ्रेंड्स'च्या डीव्हीडीवर बरेच एपिसोड लांबवलेले होते, २०१२ ला ब्ल्यू-रे आली तिच्यात मात्र टीव्हीवर गेलेलेच कट होते, म्हणजे दोन मैत्रिणी एकच एपिसोड बघून वाद घालत असतील तर दोघी खऱ्या असू शकतात. 'द ऑफिस'चे पीकॉक या अमेरिकन ॲपवर २०२१ पासून सुपरफॅन एपिसोड आले, त्यांच्यात काढलेले सीन एपिसोडच्या आतच परत जोडलेले आहेत, आणि ते इतके सफाईने बसवलेत की जिम-पॅमची गोष्ट पहिल्यांदा त्याच व्हर्जनमध्ये बघितली तर मूळ कुठलं आणि जोडलेलं कुठलं हे तुम्हाला कधीच समजणार नाही. सुपरफॅन व्हर्जन दुसऱ्या वेळेसाठी ठेवा.

डिस्क वापरत असाल तर रीजन बघा, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी बनवलीये ते. डीव्हीडीत भारत रीजन ५ मध्ये येतो आणि अमेरिका रीजन १ मध्ये, ब्ल्यू-रेत भारत सी आणि अमेरिका ए. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली डिस्क घरच्या प्लेअरवर चाललीच नाही तर ती खराब आहे असं समजून फेकू नका. जेल रोडवर जुना प्लेअर घ्यायला गेलात तर बाकी काही नाही, "भिया, ये रीजन फ्री है क्या" एवढंच विचारा आणि शक्य असेल तर स्वतःची डिस्क सोबत नेऊन तिथेच लावून बघा.

सावधान: नुसती एपिसोडची लांबी बघून 'यातून सीन कापलाय' असं म्हणू नका. अमेरिकन शो सेकंदाला साधारण २४ फ्रेमने शूट होतात आणि पाल डिस्कवर (पाल म्हणजे भारत-युरोपातली टीव्हीची पद्धत) ते २५ ने चालतात, म्हणजे सगळंच जवळपास ४ टक्के जलद पळतं. २२ मिनिटांचा एपिसोड २१ मिनिटं आणि थोड्या सेकंदांत संपतो आणि एकही सीन गेलेला नसतो.

तपासून बघा: टायटल साँग दोन्हीकडे मोजा. तेही त्याच प्रमाणात आखूड असेल तर फरक वेगाचा आहे. गाणं तेवढंच आणि एपिसोड आखूड असेल तर मात्र कात्री लागलीये.

२. आधी टीव्हीवरचं पूर्ण बघा आणि वही भरा

डिलीटेड सीनला हात न लावता तो ट्रॅक सरळ बघायचा आणि वहीत रकाने पाडायचे: एपिसोड, काय घडलं, त्याला काय कळलं, तिला काय कळलं, बाकीच्यांना काय कळलं, आपल्याला काय कळलं. फोनवर केलं तरी चालेल पण मला वही बरी वाटते, एका पानावर सगळं समोर दिसतं.

'फ्रेंड्स'मधले मोनिका-चँडलर घ्या, वही कशी भरते ते यांच्यावर फार छान दिसतं. मे १९९८, चौथ्या सीझनचा शेवट, लंडन. दोघं एका बेडवर दिसतात आणि प्रेक्षकांना ते तिथेच कळतं, त्यांच्या मित्रांपैकी कुणालाच नाही. म्हणजे बाकीच्यांच्या रकान्यात शून्य. पाचव्या सीझनच्या सुरुवातीलाच जोईला कळतं आणि बिचाऱ्याला ते लपवावं लागतं, मग रेचलला फोनवरचं बोलणं ऐकून कळतं, मग फेब्रुवारी १९९९ ला फीबी समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीतून बघते, आणि त्याच एपिसोडच्या शेवटी रॉस. रकाना एकेक नावाने भरत जातो आणि त्याच्याबरोबर त्या दोघांचं नातं पण बदलतं, नुसत्या लपवाछपवीपासून ते चँडलरने सरळ आपलं तिच्यावर प्रेम आहे असं सांगण्यापर्यंत. मग येतो फेब्रुवारी २००१, लग्न ठरलेलं आहे, आणि तेव्हा उघड होतं की लंडनच्या त्या रात्री मोनिका खरं तर जोईला शोधत आली होती. चँडलरच्या रकान्यात ही गोष्ट जवळपास पावणेतीन वर्षं नव्हती आणि आपल्याही नव्हती.

आता या मधल्या काळातली कुठलीही क्लिप हाती आली की पहिला प्रश्न तयारच आहे, ही क्लिप खरी धरली तर चँडलरला लंडनचं आधीच कळतं का? कळत असेल तर २००१ चा एपिसोड कोसळतो, म्हणजे ती क्लिप जोडीच्या गोष्टीत घेता येणार नाही, अभिनय कितीही सुंदर असला तरी.

जिम-पॅमच्या वहीतही अशी एक ओळ आहे. डिसेंबर २००५ च्या ख्रिसमसच्या एपिसोडमध्ये जिम टीपॉटच्या भेटीतून आपली चिठ्ठी गुपचूप काढून घेतो, आणि पॅमच्या हातात ती पडते मे २०१३ ला. साडेसात वर्षांच्या आसपास पॅमच्या रकान्यात 'माहीत नाही'. अशा मोकळ्या ओळींभोवती लाल पेनने गोल करा.

नेहमीची चूक: क्लिप आधी बघून वही नंतर भरणे. मग प्रत्येक नजरेत तुम्हाला क्लिपमधलंच दिसायला लागतं.

३. हातात आलेली क्लिप नेमकी काय आहे ते ठरवा

सगळ्याच न दाखवलेल्या गोष्टींना लोक डिलीटेड सीन म्हणतात आणि पुढचा अर्धा गोंधळ इथेच तयार होतो.

पूर्णच काढलेला सीन हा खरा डिलीटेड सीन. दाखवलेल्या सीनची शेपूट किंवा सुरुवात परत जोडलेली असेल तर तो लांबवलेला सीन, आणि त्यात नवीन माहिती क्वचितच असते. कलाकार हसून फुटतात, डायलॉग विसरतात ते ब्लूपर, त्याचा पात्रांशी काहीच संबंध नाही. कलाकारांचे सेटवरचे रील, मुलाखतीतले लाडिक क्षण, अवॉर्ड शोमधला डान्स हे सगळं त्या दोन माणसांचं आहे, पात्रांचं नाही, आणि ते वहीत आणणं मला त्या माणसांवरही अन्याय वाटतो.

मग येतो पर्यायी शेवट, हा वेगळाच प्रकार. 'हाऊ आय मेट युवर मदर'मध्ये टेड आपल्या मुलांना त्यांची आई कशी भेटली ते सांगत असतो. सिरीज मार्च २०१४ ला संपली तेव्हा टेड शेवटी रॉबिनच्या, म्हणजे जुन्या प्रेयसीच्या, खिडकीखाली उभा राहतो. त्याच वर्षी पुढे डीव्हीडीवर दुसरा शेवट आला, त्यात टेड आणि त्या मुलांची आई यांच्यावरच गोष्ट थांबते. तुम्ही यातला दुसरा निवडून पहिला विसरा असं नाही करू शकत. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की मुलांचा शेवटचा सीन दुसऱ्या सीझनच्या सुमारासच शूट करून ठेवला होता, मुलं मोठी दिसू नयेत म्हणून, आणि मग पुढची कितीतरी वर्षं गोष्ट टेड-रॉबिनपासून दूर दूर जात राहिली. शेवट लोकांना खटकला त्याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं, जुना सीन तसाच राहिला आणि जोडी बदललेली होती. पर्यायी शेवट असेल तर वहीत त्याचं वेगळं पान करा, मूळ पानावर लिहू नका.

आणि एक, बदलून टाकलेला ट्रॅक. म्हणजे सीन नुसता काढला नाही, त्याच्या जागी नवीन शूट करून घातला. याच्यावर पुढे बोलते.

४. क्लिपची जागा शोधा

वरची पायरी झाल्याशिवाय ही करू नका. क्लिप कुठल्या एपिसोडच्या नावाखाली दिलीये ते बघा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण त्या एपिसोडमध्ये नेमकी कुठे ते महत्त्वाचं असतं. भांडणाच्या आधी बसत असेल तर तेच वाक्य काळजीचं वाटतं आणि नंतर बसत असेल तर टोमणा.

कपडे हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. तिच्या अंगात जो स्वेटर आहे तोच एपिसोडच्या कुठल्या सीनमध्ये आहे, केस बांधलेले की मोकळे, त्याची टाय सैल झालीये का, टेबलावरचा कप भरलेला आहे की रिकामा, खिडकीबाहेर उजेड आहे की रात्र. क्लिप पॉज करा, दाखवलेला सीन पॉज करा, दोन्ही शेजारी ठेवा. मग पहिलं वाक्य ऐका, बऱ्याचदा ते आधीच्या सीनमधल्या कशाला तरी उत्तर असतं, आणि शेवटचं वाक्य पुढच्या सीनकडे ढकलतं.

सावधान: शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होत नाही. एकाच सेटवरचे वेगवेगळ्या ठिकाणचे सीन एका दिवशी उरकतात, त्यामुळे कलाकार थकलेला दिसला म्हणजे पात्र दुःखी आहे असं नाही.

दुसरं सावधान, आणि प्रेमाच्या सीनमध्ये हे फारच लागू पडतं: डिलीटेड सीनवर शेवटचं काम बहुधा झालेलं नसतं. बॅकग्राउंड म्युझिक नसतं, रंग कच्चे असतात, आवाज खोलीतला जसाच्या तसा, कधी कोपऱ्यात टाइमकोडचे आकडे पळत असतात. दोघं गप्प उभे आहेत आणि मागे काहीच वाजत नाहीये, तर ती शांतता भयंकर खोल वाटते. लोक त्यावर पानंच्या पानं लिहितात की किती ताण आहे दोघांमध्ये. म्युझिक पडलं असतं तर तोच सीन हलकाफुलका झाला असता.

तपासून बघा: त्याच एपिसोडमधला दोघांचा दाखवलेला सीन आवाज बंद करून बघा, मग क्लिप पण आवाज बंद करून बघा. चेहऱ्यांवर फरक उरतो का? उरला तरच त्याबद्दल लिहा.

५. परीक्षा: हा सीन काढल्याने काय बदललं

इथे वेळ द्या. तीन प्रश्न, याच क्रमाने.

पहिला, रकान्यात काही बदलतं का, म्हणजे कुणाला नवीन काही कळतं का. दुसरा, काही पहिल्यांदा घडतंय का. पहिल्यांदा हात धरला, पहिल्यांदा माफी मागितली, पहिल्यांदा तिच्या आईबद्दल विचारलं. टीव्हीवर हेच 'पहिल्यांदा' नंतर दुसऱ्या एपिसोडमध्ये दाखवलेलं असेल तर बहुतेक म्हणूनच सीन गेला, आणि दोन्ही धरले तर जोडी एकच पायरी दोनदा चढते. तिसरा, पुढच्या दाखवलेल्या सीनला या सीनची गरज आहे का. तो अचानक मऊ झालाय आणि कारण दाखवलेल्या भागात कुठेच नाही, तर कारण या क्लिपमध्ये असू शकतं.

दोन उदाहरणं घेते कारण दोन्हींची उत्तरं अगदी वेगळी येतात.

'फ्रेंड्स' आठवा सीझन, ऑक्टोबर २००१. मोनिका-चँडलर हनिमूनला निघालेत. मूळ शूटमध्ये एअरपोर्टवर बॉम्बबद्दल विनोद करू नये अशी पाटी असते, चँडलर तिच्यावर विनोद करतो आणि दोघांना चौकशीला घेऊन जातात. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर हे दाखवणं शक्यच नव्हतं, पूर्ण ट्रॅक काढून नवीन शूट केला, ज्यात त्यांच्या पुढच्या रांगेतलं दुसरं नवविवाहित जोडपं सगळ्या फुकट सवलती पटकावतं आणि मोनिका त्यांच्याशी चढाओढ करायला लागते. आता प्रश्न लावा. रकान्यात काही बदलत नाही. पहिल्यांदा असं काही नाही. पुढच्या एपिसोडला मूळ ट्रॅकची गरज नाही. म्हणजे नातं जितकं पुढे जायचं तितकंच जातं. पण एक गोष्ट उलटते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. काढलेल्या ट्रॅकमध्ये घबराटीत विनोद करायची चँडलरची सवय दोघांना अडकवते आणि मोनिकाला ती निभवावी लागते. दाखवलेल्यात मोनिकाची जिंकायची सवय पुढे येते आणि चँडलर तिच्यासोबत पळतो. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात कोण कुणाचा स्वभाव सांभाळतंय, हेच बदललं. वहीत मी हे 'वजन कमी, रंग वेगळा' असं लिहिते.

दुसरं, 'डॉक्टर हू', जुलै २००८ चा सीझनचा शेवटचा एपिसोड. डॉक्टर हा दोन हृदयांचा परग्रहवासी, आणि रोझचं त्याच्यावर प्रेम. नॉर्वेच्या किनाऱ्यावर तिला डॉक्टरचंच माणूस झालेलं दुसरं रूप मिळतं, एकच हृदय असलेलं, तिच्याबरोबर म्हातारं होणारं. काढलेल्या सीनमध्ये खरा डॉक्टर त्यांना टार्डिसचा, म्हणजे त्याच्या काळ-अवकाशात फिरणाऱ्या यानाचा, एक तुकडा देतो, जो वाढवून त्यांची स्वतःची टार्डिस होऊ शकते. एकच छोटी वस्तू, पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण बदलतं. दाखवलेल्या शेवटात रोझला माणूस मिळतो पण ते अवकाशातलं आयुष्य कायमचं सुटतं, म्हणजे तिचं मिळवणं आणि गमावणं एकाच क्षणी होतं. तुकडा मिळाला तर गमावणं जवळपास राहतच नाही. मी दाखवलेलाच शेवट धरते, कारण मागच्या दोन सीझनचं दुःख त्याच्यावर टेकलेलं आहे, पण ज्यांना तो तुकडा हवाच असतो त्यांचंही मी समजू शकते. इथे शेरा 'वजन मोठं, भविष्य बदलतं'.

नेहमीची चूक: काढलं म्हणजे लपवलं असं धरणं. बहुतेक सीन लांबीपायी जातात, किंवा तीच माहिती दुसरीकडे आलेली असते म्हणून. डिस्कवरच्या कमेंट्रीत (एपिसोड चालू असताना बनवणारे बोलतात ती) बनवणाऱ्यांनीच कारण सांगितलं असेल तर ते लिहा, नसेल तर कारणाचा रकाना कोरा ठेवा.

६. दोनदा बघा, मध्ये दिवस जाऊ द्या

एकदा क्लिप तिच्या जागी ठेवून: एपिसोड त्या मिनिटाला थांबवा, क्लिप बघा, परत चालू करा. दुसऱ्यांदा क्लिपशिवाय. सलग एकाच रात्री करू नका, डोक्यात आधीचं उरतं. शक्य असेल तर सोबत असं कुणीतरी बसवा ज्यांनी क्लिप बघितलेलीच नाही. घरातली आत्या किंवा काकू यासाठी उत्तम, मालिका बघून बघून त्यांची नजर तयार असते, "हा आत्ता एकदम का चिडला हिच्यावर?" असं त्या बरोबर त्याच जागी विचारतात जिथे सीन गेलेला असतो. त्यांना आधी काही सांगू नका. त्यांनी काहीच विचारलं नाही तर सीन काढल्याने गोष्टीला फारशी जखम झालेली नाही असं धरायला हरकत नाही.

७. रोजच्या मालिकांसाठी वेगळा नियम

मराठी-हिंदी डेली सोपवर ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. तिथे डिलीटेड सीन सहसा बाहेर येतच नाहीत. टीव्हीवर मध्ये मध्ये जाहिराती चालतात, म्हणून अर्ध्या तासाच्या मालिकेत गोष्टीला विसेक मिनिटं मिळतात, आणि शूटिंग टेलिकास्टच्या इतकं जवळ चालतं की ट्रॅक मध्येच वळवता येतो. डिलीटेड म्हणून जे फिरतं ते बहुतेक वेळा प्रोमो असतं. प्रोमो कधी कधी वेगळा शूट केलेला असतो, त्यातलं वाक्य एपिसोडमध्ये दुसऱ्याच सुरात येतं किंवा येतच नाही. दर गुरुवारी टीआरपी येतात, त्यानंतर जोडीचा ट्रॅक बदललेला दिसला तर जुना प्रोमो वहीतून काढून टाका.

तपासून बघा: सीन नवीन वाटतोय तर आधी ॲपवर त्या दिवसाचा पूर्ण एपिसोड काढा. रिपीट टेलिकास्टला कधीकधी कात्री लागलेली असते, तुम्ही रिपीट बघितला असेल तर 'न दाखवलेला' सीन रात्री सगळ्यांनी बघितलेला निघतो.

८. लिहिताना

पहिल्याच ओळीत सांगा की सीन टीव्हीवर गेलेला नाही आणि तो कुठून आलाय, डिस्क, ॲप की कुणाचं चॅनल. मग प्रकार, मग जागा, मग रकाना. "तो तिच्यावर पहिल्यापासून प्रेम करत होता" असं न लिहिता "काढलेल्या सीनमध्ये तो हे कबूल करतो, दाखवलेल्या गोष्टीत हे तिला अमुक एपिसोडपर्यंत माहीत नसतं" असं लिहा. थोडं लांब होतं पण वाचणाऱ्याला दोन्ही वेगळं दिसतं. ज्यांची सिरीज बाकी आहे त्यांच्यासाठी कुठल्या सीझनपर्यंतचं सांगताय ते वर टाका. आणि क्लिप स्वतः अपलोड करू नका, एपिसोडचा नंबर आणि मिनिट द्या, ज्याला बघायचंय तो बरोबर शोधून काढेल.